‘आता करतच नाही’ला किती गुण?

बुधवार, पोळा झाल्यानंतरचा. सकाळी साडेदहा. बालाघाटच्या आमच्या रुग्णालयातली पहिल्या मजल्यावरची छोटी खोली.

हजर: डॉ. तिवारी, हाडांचे डॉक्टर आणि आमच्या कामाचे प्रमुख. बिसेनजी, गावोगाव मोटरसायकलवर फिरून रुग्णांना प्रश्न विचारणारे. मी, वंदना खेडीकर, समन्वयक. नागपूरहून पडद्यावर जोशीबाई, आकडेशास्त्राच्या जाणकार. नेटवर्कमुळे त्यांचा चेहरा अर्धा वेळ गोठलेला होता, म्हणून अर्ध्या हजर. गैरहजर: फिजिओथेरपीचे गुप्ताजी, कारण पोळ्याला आलेले पाहुणे अजून हललेले नव्हते. चहा: तीन कप मागवले, चार आले, चौथा बिसेनजींनी घेतला.

बैठकीचे इतिवृत्त मी लिहिते आणि त्यात चहाही लिहिते. बिसेनजींचे म्हणणे आहे, ‘दीदी की मीटिंग में मक्खी भी आए तो हाजिरी लगती है.’ लागते. वर्षभराने कोण काय म्हणाले यावरून वाद झाला की सगळे माझ्याच टेबलाशी येतात, तेव्हा कुणाला हसू येत नाही.

त्या बैठकीत एक यादी करायचे ठरले. दिवाळीनंतर नागपूरचे शल्यविशारद येऊन बारा जणांचा गुडघा बदलणार होते, एका दानशूर मंडळाच्या खर्चाने, रुग्णाला फुकट. अर्ज त्याच्या कितीतरी पट आले होते. यादी कोणत्या क्रमाने लावायची, हा प्रश्न होता. ती ज्या रीतीने लावली, तिच्यामुळे वारासिवनीजवळच्या एका गावातल्या गिरजाबाई उके पार तळाला गेल्या. ही गोष्ट यादीतल्या त्यांच्या नावाची आहे. पण त्याआधी आमचे काम काय, ते सांगितले पाहिजे. माझ्या सासूबाईंना ते अजून नीट कळलेले नाही. त्या शेजारी सांगतात, ‘आमची सून गुडघ्यांची परीक्षा घेते.’ अगदीच चूक नाही ते.

ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला पट्टी आहे. गुडघा किती दुखतो हे मोजायला यंत्र नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसते, पण हाडाची पार वाट लागलेला माणूस सायकल मारत कटंगीच्या बाजाराला जाऊन येतो आणि एक्स-रे त्यामानाने बरा असलेली बाई भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. म्हणून ज्याचा गुडघा त्यालाच विचारावे लागते. नुसते ‘कसं काय?’ विचारून उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे: ‘बरं आहे.’ तेव्हा ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारायचे. पायऱ्या चढताना किती त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, बराच, खूप, असह्य. शून्यापासून चारपर्यंत गुण. सगळ्यांची बेरीज केली की रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले दुखण्याचे माप मिळते. औषधाने, शस्त्रक्रियेने फरक पडला का, हे त्या मापावरून ठरते.

मूळ प्रश्नावली परदेशातली होती. तिच्यात आंघोळीच्या टबात उतरताना होणारा त्रास विचारला होता. बिसेनजींनी पहिल्याच दिवशी हा प्रश्न एका म्हाताऱ्याला जसाच्या तसा विचारला, तर तो म्हणाला, ‘त्यात तं आमचे ढोरं पानी पेतेत.’ मग टब काढून आम्ही जमिनीवर बसून जेवणे घातले, उकिडवे बसणे घातले, परहा लावणे म्हणजे धानाची रोपे चिखलात वाकून लावणे घातले आणि बसची पायरी घातली. बसची पायरी ही माझी सूचना, इतिवृत्तात नोंद आहे.

प्रश्न बदलले की माप नवे होते आणि नवे माप तपासावे लागते. लोकांना प्रश्न आपल्याला हवा तसा कळतो का? त्याच माणसाला पंधरवड्याने परत विचारले, तर उत्तर तेच येते का? उपचारानंतर आकडा हलतो का? एवढे सगळे जमले तर माप पक्के. तोवर कच्चे. यातली एकेक पायरी म्हणजे एकेक करमणूक आहे.

निवृत्त हेडमास्तर पारधीगुरुजी आठवतात. फॉर्मच्या शेवटी, एकूण दुखणे दहापैकी किती, असाही एक प्रश्न असतो; तो त्यांना विचारला. गुरुजींनी बराच विचार केला.

‘साडेसहा.’

‘गुरुजी, पूर्ण आकडा सांगायचा.’

‘मग सहा. सातच्या वर मी नोकरीत कोणाला दिले नाहीत, गुडघ्याला का देऊ?’

दुसरे वारासिवनीचे कापडवाले सेठ. पहिल्या भेटीत त्यांनी दुखणे आठ सांगितले. पंधरवड्याने मी परत गेले आणि तोच प्रश्न विचारला. सेठनी माझ्याकडे पाहिले, गल्ल्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘चलो, आपके लिए सात.’ मी म्हटले, सेठजी, खरे असेल ते सांगा. ‘अरे, दोबारा आई हैं मतलब पहला वाला जँचा नहीं. छह लिख लो, इससे नीचे नहीं जमेगा.’ आता हे जोशीबाईंना नागपूरला कसे कळवायचे? त्यांच्या तक्त्यात लिहून पाठवले, ‘रुग्णाच्या सांगण्यात तफावत.’ त्या दिवसापासून परत विचारायला गेलो की आम्ही आधीच सांगून टाकतो, मागचे उत्तर पटले होते, हा फक्त आमचा नेम आहे.

आणि तिरोडीच्या मॅंगनीज खाणीतून निवृत्त झालेले मेश्राम. प्रत्येक प्रश्नाला ते ‘काही नाही’ म्हणायचे आणि दारात उभी असलेली बायको प्रत्येक वेळी हुंकार द्यायची. शेवटी ती पुढे आली.

‘यायले काय विचारता? चप्पल मी घालून देतो यायच्या पायात. मले विचारा.’

‘तुमचं नाही लिहिता येत, बाई. ज्याचं दुखणं त्यानंच सांगायचं असतं.’

‘मंग मले बी एक फारम द्या. माह्या कंबरेचा.’

कंबरेची प्रश्नावली आमच्याकडे नव्हती. तिने अजून मला माफ केलेले नाही.

आता त्या रकान्याविषयी. सुरुवातीला प्रत्येक प्रश्नापुढे पाच उत्तरांशिवाय ‘लागू नाही’ असा सहावा रकाना होता. उन्हाळ्यात बिरसा तालुक्याकडे फॉर्म भरायला गेलेली आमची माणसे परत आली, तेव्हा त्यात ‘लागू नाही’वरच्या खुणा इतक्या होत्या की जोशीबाई पडद्यावर म्हणाल्या, ‘ही माहिती आहे की चाळणी?’ त्यांचे बरोबर होते. ऊन वाढले की हाताला सहावा रकाना जवळ वाटतो. बैठकीत ठरले, सहावा रकाना काढून टाकायचा. त्रास असेल तर किती ते लिहायचे, नसेल तर शून्य. सर्वांची संमती. त्यानंतर आमच्या फॉर्मांत एकही जागा रिकामी राहिली नाही. जोशीबाईंनी कौतुक केले आणि ते मी इतिवृत्तात जरा ठळक अक्षरात लिहिले.

तर पोळ्यानंतरच्या त्या बुधवारी डॉ. तिवारी म्हणाले, ‘लिस्ट फॉर्म के नंबर से बनेगी. जिसका नंबर ज़्यादा, उसका ऑपरेशन पहले.’

मी म्हटले, ‘सर, फॉर्म अभी कच्चा है. जाँच पूरी नहीं हुई.’

‘दीदी, तराज़ू बन गया ना? तो तौलो. सुबह से चार नेताओं के फ़ोन आ चुके हैं. किसी के मामा हैं, किसी के समधी. मैं सबको बोल सकूँ कि भैया, नंबर देख लो.’

डॉक्टरांची अडचण खरी होती. शिफारशींच्या फोनांनी त्यांना भंडावून सोडले होते, आणि आकड्यापुढे कुणाचा मामा चालत नाही. मी विरोध नोंदवला, मग यादी टंकली. गिरजाबाई उके शेवटून दुसऱ्या. सतरा प्रश्नांपैकी बहुतेकांना शून्य. ‘इनको तो कुछ हुआ ही नहीं है,’ असे म्हणत डॉक्टरांनी सही केली. एक्स-रे खराब होता, पण तो तर यादीतल्या सगळ्यांचाच होता.

पुढच्या आठवड्यात गिरजाबाईंना दुसऱ्यांदा विचारण्याची पाळी आली. त्यांचा पहिला फॉर्म बिसेनजींनी भरला होता. ते तापाने पडले म्हणून मी गेले. कौलारू घर, पुढे छपरी, छपरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर गिरजाबाई. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला हौशी.

‘या बाई, या. रेखा, बाईले खुर्ची दे. मागच्या खेपेले थे बिसेनभाऊ आलते, चहा न घेताच गेलते.’

रेखा म्हणजे त्यांची सून. तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी आधी नेहमीचे सांगून टाकले, की मागचे उत्तर पटलेले आहे, आणि सुरू केले.

‘पायऱ्या चढताना किती त्रास होतो?’

‘काहीच नाही.’

‘जमिनीवर बसून उठताना?’

‘काहीच नाही.’

‘बाजारात चालत जाताना?’

‘नाही जी.’

‘बसमध्ये चढताना?’

‘नाही.’

मी भराभर शून्ये मांडत गेले. मागच्या वेळची आणि आजची उत्तरे तंतोतंत जुळत होती. आमच्या धंद्यात अशा मापाला विश्वासार्ह म्हणतात. सेठच्या तफावतीनंतर मला फार बरे वाटले. फॉर्म पिशवीत घातला, चहा संपवला आणि उठले.

‘रेखा, बाईले कुंकू लावाचं हाय, डबी आन.’ डबी आली. मी पुढे झाले, पण गिरजाबाई उठल्या नाहीत. ‘जरा वाका, बाई. मी उठत नाही, राग नोका मानू.’

आपल्याकडे पाहुणीला कुंकू लावताना घरची बाई बसून राहत नाही. मी वाकले. त्यांनी कुंकू लावले, आणि तेवढ्या वेळात माझी नजर त्यांच्या खुर्चीच्या उंचीवरून घरात गेली. चूल विटांच्या ओट्यावर चढवलेली होती, खुर्चीतून हात पोचेल अशी. पाण्याची गुंडी स्टुलावर. कपडे वाळवायची दोरी एवढी खाली बांधलेली की रेखाला तिच्याखालून वाकून जावे लागत होते. देवाचा पाट उंच स्टुलावर. कोपऱ्यात बैठकीला भोक पाडलेली दुसरी खुर्ची. आख्खे घर एका खुर्चीच्या उंचीला आणून ठेवले होते.

मी परत बसले.

‘गिरजाबाई, पायऱ्या शेवटच्या कधी चढलात?’

‘मी? काहून चढू?’

‘तरी, कधी?’

त्यांनी सुनेकडे पाहिले. रेखा म्हणाली, ‘पिंकीच्या लग्नात चढल्या होत्या, सभागृहाच्या. पिंकीचा पोरगा आता चालाले लागला.’

‘आणि बाजार?’

‘बाजार पोरगा करते.’

‘जमिनीवर बसणं?’

‘कोनाच्या घरी बसाचं? मी जातच नाही कोनाकडं.’ मग त्या मला समजावून सांगायला लागल्या, जरा सावकाश, मी शहरातली म्हणून. ‘हे पाहा बाई, बसतच नाही तं तरास कायचा? चढतच नाही तं तरास कायचा? तुमी विचारलं तरास हाय का. नाही न. सोडून देल्लं मी समदं.’

रेखा भांडी उचलता उचलता म्हणाली, ‘मी यायले सांगतलं होतं, डॉक्टरले खरं सांगा. तं म्हनते, थे बिचारे इतके लांबून येते, त्यायले काहून परेशान कराचं.’

‘खरंच तं सांगतलं,’ गिरजाबाई म्हणाल्या.

पिंकी म्हणजे त्यांची धाकटी, तिरोडीला दिलेली. नातू झाल्यापासून गिरजाबाई तिकडे गेल्या नव्हत्या. ‘फोनवर पाह्यतो मी त्याले. त्याले वाटते आजी फोनातच राह्यते.’ मी विचारले, कोणी नेत नाही का? ‘नेतो म्हनते न पोरगा. पन बशीची पायरी लय उच्ची. दोघं मिळून मले उचलून चढवन, अर्धी बस पाह्यत राह्यन. त्यापरीस फोन बरा.’

बसची पायरी ही माझीच सूचना होती. तिच्यापुढे मी आत्ताच शून्य लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी तातडीची बैठक लावली. हजर: तेच सगळे, बिसेनजी मफलर गुंडाळून. जे पाहिले ते सांगितले. डॉ. तिवारींनी चष्मा काढून पुसला.

‘दीदी, ये सिफ़ारिश है. आज आपकी गिरजाबाई, कल विधायकजी का फ़ोन. मैं किस मुँह से मना करूँगा?’

‘सिफ़ारिश एक की होती है, सर. मैं तो सबसे दोबारा पूछने को कह रही हूँ. हर सवाल के साथ एक ख़ाना और: आता करतच नाही.’

पडद्यावरून जोशीबाई म्हणाल्या, ‘वंदनाताई, मध्येच माप बदललं तर आधीचं सगळं काम बाद होतं, माहीत आहे ना? वर्ष जाईल.’

‘माहीत आहे.’

‘आणि करतच नाही, याला गुण किती देणार?’

‘चार,’ डॉक्टर म्हणाले. ‘चार में क्या बुराई है?’

‘कशावरून चार? जो रडत रडत चढतो त्याला चार आणि जो चढणंच सोडतो त्यालाही चार? कदाचित पाच असतील. कदाचित तीन. तपासल्याशिवाय मी…’ आणि जोशीबाईंचा चेहरा गोठला.

डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. ‘लिखिए, जोशी मैडम सहमत.’

मी लिहिले, ‘जोशीबाईंचे नेटवर्क गेले.’

ठरले ते असे. तात्पुरते चार. फक्त या यादीपुरते. आठवड्याच्या आत सर्व अर्जदारांना पुन्हा विचारायचे, आणि ज्यांचा आकडा फार वर चढेल त्यांना डॉक्टरांनी स्वतः चालवून पाहायचे. शल्यविशारदांना नावे दिवाळीआधी कळवायची होती, त्यामुळे वेळ तेवढाच होता.

बिसेनजी एका बाजूने निघाले, मी दुसऱ्या बाजूने. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही बेरजा केल्या तर तालुक्यातले तमाम नवरे यादीच्या वर जाऊन बसले होते. पारधीगुरुजी पहिले. मी फॉर्म चाळले. खाली बसून घरकाम करताना? आता करतच नाही, चार. पाणी भरताना? करतच नाही, चार. केर काढताना? चार. परहा लावताना? चार.

‘बिसेनजी, गुरुजींनी आयुष्यात कधी परहा लावला होता का?’

‘नहीं दीदी. पर बोले तो यही, करतच नाही. बड़े गर्व से बोले.’

‘आणि तुम्ही त्यांना चार दिले.’

‘फॉर्म में लिखा था, देना है.’

बिसेनजींच्या घरीही पाणी वहिनीच भरतात. त्यांना त्या उत्तरात खटकण्यासारखे काही दिसले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आणखी एक प्रश्न जोडला: गुडघ्यामुळे सोडले, की आधीपासूनच करत नव्हता, आणि सोडले तर कधी? एवढ्याने नवरे आपापल्या जागी परत गेले. गुरुजी जरा नाराज झाले. म्हणाले, पेपर फुटला म्हणून परीक्षा परत घेतल्यासारखे वाटते.

पण बायकांच्या घरी त्या एका प्रश्नाने आठवड्याची चाल मंदावली. आधी सतरा प्रश्न पंधरा मिनिटांत उरकायचे. आता ‘कधी सोडले’ असे विचारले की बाई थांबायची, सुनेला किंवा जावेला विचारायची, कुणाचे लग्न, कुणाचे बाळंतपण यावरून हिशेब लावायची. एकीने मंदिरात जाणे सोडले होते, एकीने माहेर. एकीने शेजारणीशी बोलणे सोडले होते, कारण शेजारीण ओट्याच्या खाली उतरून बोलायची आणि हिला उतरता यायचे नाही. शेजारणीला वाटत होते की ही रुसली आहे. त्यांपैकी एकीनेही हे आधी सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते.

नवी यादी निघाली. गिरजाबाई पहिल्या चारांत आल्या. मी फोन करून सांगितले, तर त्या संकोचल्या.

‘मले काहून, बाई? ज्याले जास्त तरास हाय त्याले द्या.’

‘तुम्हालाच आहे जास्त.’

‘कोन म्हनलं?’

‘तुम्हीच म्हणालात.’

मागून रेखाचा आवाज आला, ‘हौ म्हना, माय.’ आणि मग गिरजाबाईंचा, ‘हौ.’

तपासणीला मुलगा त्यांना ऑटोतून घेऊन आला. डॉ. तिवारींनी दारापासून टेबलापर्यंत चालायला सांगितले. आठ-दहा पावलांची खोली आहे ती. गिरजाबाई निघाल्या आणि डॉक्टर आधी उभे राहिले, मग टेबलाला वळसा घालून तेच पुढे गेले. त्या बाहेर गेल्यावर त्यांनी सही केली.

‘दीदी, इनको ज़ीरो किसने दिया था?’

‘हम सबने, सर. मीटिंग में तय हुआ था.’

‘मिनट्स में है?’

‘मोटे अक्षरों में.’

यादीतून बाहेर गेलेल्यांत सेठ होते. त्यांचा फोन आला. ‘मैडम, आपने तो भाव ही गिरा दिया.’ मी म्हटले, सेठजी, आठवरून सहावर तुम्हीच आला होता. शेजारच्या जिल्ह्यातून एका पुढाऱ्याचाही फोन आला, मामांबद्दल. डॉक्टरांनी त्यांना सांगितले, मामांना विचारा, पाणी भरणे कधी सोडले. परत फोन आला नाही.

गिरजाबाईंची शस्त्रक्रिया झाली, उजव्या गुडघ्याची. जखम बरी झाली, व्यायाम गुप्ताजींनी करवून घेतला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इतकी बोलकी रुग्ण त्यांना कधी मिळाली नव्हती.

एक गोष्ट मला अजून टोचते. बिरशाकडचे ते जुने फॉर्म, ज्यांच्यात ‘लागू नाही’ होते आणि जे आम्ही चाळणी म्हणून बाजूला केले. त्यांतल्या किती खुणा उन्हाच्या होत्या आणि किती सोडून दिलेल्या कामांच्या, हे आता सांगता येत नाही. ती माणसे जंगलातल्या पाड्यांवरची, आमच्याकडे त्यांचे फोन नंबर नाहीत. कामापूर्वी हे सुचायला हवे होते, असे जोशीबाई म्हणतात. त्या बैठकीत त्याही होत्या, पण तेवढे मी बोलत नाही. माझ्याकडे लिहिलेले आहे.

आता माप. जोशीबाईंनी चार मान्य केलेले नाहीत, आणि त्यांनी ते करू नयेत असेच माझेही मत आहे. उपचारानंतर आकडा किती हलतो ते पाहिल्याशिवाय ‘आता करतच नाही’ला किती गुण द्यायचे, हे ठरणार नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या बाराही जणांना सहा महिन्यांनी पुन्हा सगळे प्रश्न विचारायचे होते. प्रत्यक्ष भेटून, फोनवर नाही. तो नियम आहे. अकरा फॉर्म आले. जोशीबाई दर सोमवारी बाराव्याचे विचारतात, कारण सगळ्यात जास्त ‘करतच नाही’ त्याच फॉर्मात आहेत आणि त्याच्याशिवाय त्यांचे गणित पुढे सरकत नाही.

तो फॉर्म गिरजाबाईंचा. उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले, तर रेखा एकटीच घरी. दोरी वर बांधलेली होती.

‘माय तिरोडीले गेल्या. पिंकीकडं.’

‘कशा?’

‘बशीनं.’

पुढच्या महिन्यात बिसेनजी गेले. गिरजाबाई वारासिवनीला लग्नाच्या खरेदीला. कुणाचे लग्न, ते रेखालाही नक्की माहीत नव्हते. आखाडात मी परत गेले, तर त्या शेतावर. खाली बसायला, चिखलात वाकायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून बांधावर खुर्ची टाकून परहा लावणाऱ्या बायांना सूचना देत बसल्या आहेत असे कळले. बांधापर्यंत जायला वाट नव्हती, पाऊस होता, माझी चप्पल चिखलात राहिली. परत आले. पोळ्याला गेले, तर पुन्हा तिरोडी.

शेवटी परवा फोन केला. मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

‘गिरजाबाई, तुमचा एक फॉर्म राहिला आहे. घरी कधी असता?’

‘घरी?’ त्यांनी विचार केला. ‘सकाळी सातच्या आत या. नंतरचं सांगता नाही येत, बाई.’

सोमवारी साडेपाचला निघायचे ठरवले आहे. बिसेनजी मोटरसायकल घेऊन येतील. जोशीबाईंना अजून काही कळवलेले नाही.